दुरुस्त केलेल्या आकड्यांविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

वि. वि. तुझे पत्र पोचले. त्यातले जागतिक तापमानाच्या नोंदींविषयीचे एक वाक्य गेले चार दिवस माझ्या मनात घोळत आहे. ‘ज्या आकड्यांना मागाहून हात लावला जातो, त्यांच्यावर मी विश्वास का ठेवावा?’ असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे आणि तो तू मनापासून विचारला आहेस, म्हणून उत्तरही सविस्तर लिहितो. माझी सारी नोकरी उपकरणांच्या मापांकनात, म्हणजे ती बरोबर मोजतात की नाही हे तपासण्यात गेली, त्यामुळे आकड्यांना हात लावणे म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले आहे.

काचेचा पाऱ्याचा तापमापक बर्फाचा चुरा आणि शुद्ध पाणी यांच्या मिश्रणात बुडवला की त्याने शून्य दाखवायला हवे. जुना तापमापक मात्र पुष्कळदा शून्याच्या किंचित वर थांबतो, कारण त्याच्या फुग्याची काच वर्षानुवर्षे अगदी सूक्ष्म प्रमाणात आकसते आणि पारा नळीत वर सरकतो. असा एक तापमापक ०.२ अंश जास्त दाखवताना आढळला, तेव्हा आम्ही त्याच्या प्रमाणपत्रावर ‘उणे ०.२’ अशी दुरुस्ती लिहिली आणि मूळ वाचन नोंदवहीत जसेच्या तसे ठेवले. ती दुरुस्ती न करता जो मूळ आकडा वापरील, त्याचाच आकडा चुकीचा ठरेल. जागतिक तापमानाच्या नोंदींबाबत माझे म्हणणे नेमके हेच आहे. फरक एवढाच की तेथे तापमापक हजारो आहेत आणि काळ पावणेदोनशे वर्षांचा आहे.

जमिनीवरच्या केंद्रांचे एक उदाहरण घे. कमाल-किमान तापमापकाचा निर्देशक दिवसातून एकदा वाचून पुन्हा जागेवर आणायचा असतो. समज, निरीक्षक हे काम संध्याकाळी पाच वाजता करतो. एखाद्या कडक उन्हाच्या दिवशी पाच वाजताही हवा तापलेलीच असते, म्हणून निर्देशक खाली आणल्याबरोबर तो त्या उष्ण हवेच्या अंकावर उभा राहतो. दुसरा दिवस थंड निघाला तरी त्याचे ‘कमाल’ म्हणून आदल्या संध्याकाळचाच अंक नोंदला जातो, म्हणजे एक उष्ण दिवस दोनदा मोजला जातो. अमेरिकेतील असंख्य स्वयंसेवी केंद्रांनी विसाव्या शतकात वाचनाची वेळ हळूहळू संध्याकाळवरून सकाळवर आणली आणि तेथील कच्च्या नोंदींत एक खोटी थंडी शिरली. ती काढून टाकली की तेथील तापमानवाढ अधिक दिसते. तुझा आक्षेप बहुधा याच दुरुस्तीवर आहे, आणि ती तापमानवाढीच्या बाजूने जाते हे मी लपवत नाही.

पण पृथ्वीचा सत्तर टक्क्यांहून अधिक पृष्ठभाग समुद्राचा आहे, आणि तेथे उलटे घडते. जुन्या काळी खलाशी दोरीला बांधलेली बादली समुद्रात सोडून पाणी वर ओढत आणि त्यात तापमापक बुडवत. बादली कॅनव्हासची असली की तिच्या अंगातून पाणी झिरपे, डेकवरच्या वाऱ्याने त्याची वाफ होई आणि वाचन होईपर्यंत पाणी काही दशांश अंशांनी निवलेले असे. पुढे यंत्रखोलीत शीतनासाठी घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदले जाऊ लागले, आणि ते किंचित जास्त भरे. दुसऱ्या महायुद्धात बहुसंख्य नोंदी अशा पद्धतीने मोजणाऱ्या अमेरिकी जहाजांकडून आल्या. १९४५ च्या उत्तरार्धात बादली वापरणाऱ्या ब्रिटिश जहाजांचा वाटा एकदम वाढला आणि समुद्राचे तापमान अचानक सुमारे ०.३ अंशांनी घसरल्यासारखे दिसले. हा दोष २००८ मध्ये ‘नेचर’मधील एका शोधनिबंधाने उघड केला. समुद्र तेव्हा थंड झालाच नव्हता. मोजणारी जहाजे बदलली होती.

या बादल्यांची दुरुस्ती जुन्या समुद्राचे तापमान वर उचलते. साहजिकच आज आणि तेव्हा यांतला फरक कमी होतो. जमीन आणि समुद्र एकत्र धरले, तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची एकूण तापमानवाढ कच्च्या आकड्यांत अधिक दिसते आणि दुरुस्त केलेल्या आकड्यांत कमी. आकडे फुगवण्यासाठीच दुरुस्त्या होतात असे तू म्हणतोस, तेव्हा या एका गोष्टीचे तुझ्याकडे काय उत्तर आहे, ते मला खरोखर ऐकायचे आहे.

उपग्रहांवर तुझा जो भरवसा आहे, त्याबद्दलही लिहायला हवे. उपग्रह तापमापक घेऊन फिरत नाही. तो हवेतील ऑक्सिजनपासून निघणाऱ्या सूक्ष्मलहरी मोजतो आणि त्यांवरून वातावरणाच्या जाड थरांचे तापमान काढले जाते. १९७८ च्या अखेरीपासून एकामागून एक अनेक उपग्रहांच्या नोंदी जोडत ही मालिका तयार झाली आहे. जॉन क्रिस्टी आणि रॉय स्पेन्सर या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या मालिकेत नव्वदच्या दशकात जवळजवळ काहीच तापमानवाढ दिसत नव्हती. उपग्रहांची कक्षा खाली येत असल्याचा परिणाम धरलेला नाही, हे १९९८ मध्ये दाखवले गेले. उपग्रह एखाद्या जागेवरून जाण्याची दिवसाची वेळही हळूहळू सरकते; पुढे २००५ मध्ये त्याविषयीच्या दुरुस्तीतील चूकही सापडली आणि ती त्यांनी मान्य केली. आज त्यांचीच मालिका दशकाला सुमारे ०.१५ अंशांची वाढ दाखवते. म्हणजे ज्या नोंदींना तू निर्मळ समजतोस, त्यांच्यावर तापमापकापेक्षा कितीतरी अधिक संस्कार होतात. तरीही मी त्यांना खोटे म्हणणार नाही, कारण प्रत्येक दुरुस्तीचे कारण तेथे लिहिलेले आहे.

२००९ मध्ये हवामान संशोधकांचे ईमेल फुटले, त्या प्रकरणात तुझा राग अर्धा बरोबर होता. ब्रिटनमधील ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील संशोधकांनी माहिती मागणाऱ्यांना नीट दाद दिली नाही, आणि चौकशी समितीनेही मोकळेपणाच्या अभावाबद्दल त्यांना दोष दिला. मला त्याचे फार वाईट वाटले, कारण मोजणाऱ्याने आपली वही लपवली की त्याच्या अचूक आकड्यावरही लोक संशय घेतात. पण त्याच समितीने सर्वांना उपलब्ध असलेल्या नोंदी घेऊन स्वतः आलेख काढून पाहिला. त्याला दोन दिवसही लागले नाहीत, आणि आलेख तसाच आला. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड मुलर तर याच शंका मनात धरून कामाला लागले होते. त्यांच्या प्रकल्पाला तेलउद्योगातील कोच कुटुंबाच्या प्रतिष्ठानाचेही पैसे मिळाले होते. २०१२ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले की वाढ खरी आहे आणि ती जवळजवळ पूर्णपणे माणसामुळे झाली आहे.

‘पृथ्वीला एकच तापमान कसे असेल?’ हा तुझा दुसरा प्रश्न मला मोलाचा वाटतो. पृथ्वीचे सरासरी तापमान नेमके किती, हे दशांशापर्यंत सांगणे खरोखरच अवघड आहे. म्हणूनच प्रत्येक केंद्राची तुलना त्याच्या स्वतःच्या जुन्या सरासरीशी करतात. दरीतले केंद्र आणि डोंगरमाथ्यावरचे केंद्र यांच्या पाऱ्यात कितीही अंतर असले, तरी एखादा महिना नेहमीपेक्षा उष्ण गेला की बहुधा दोन्हीकडे तसाच जातो. हे साहचर्य सुमारे १२०० किलोमीटरपर्यंत टिकते, असे हॅन्सन आणि लेबेडेफ या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवले. त्यामुळे थोडी केंद्रेही बरेच सांगून जातात. गाय कॅलेंडर या वाफेच्या यंत्रांच्या अभियंत्याने १९३८ मध्ये केवळ १४७ केंद्रांच्या नोंदी हाताने जुळवून जमिनीची जी तापमानवाढ काढली, ती आजच्या गणिताशी चांगली जुळते. हे वाचले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

शंकेला जागा उरते ती १८५० च्या आसपासच्या काळाबद्दल, कारण तेव्हाच्या नोंदी विरळ आहेत. जागतिक हवामान संघटनेने २०२४ साठी दिलेला आकडाही १८५०–१९०० च्या तुलनेत १.५५ अंश, अधिक-उणे ०.१३, असाच आहे. ते अधिक-उणे, म्हणजे आकडा किती अनिश्चित आहे हे सांगणे, मला आश्वासक वाटते. तू ते कबुलीजबाबासारखे वाचतोस, पण मापांकनाच्या प्रमाणपत्रावर ते नसेल तर आम्ही ते प्रमाणपत्र परत पाठवत असू.

तापमानवाढ सूर्यामुळे असेल, हा मुद्दा तू ओझरता काढला आहेस, म्हणून थोडक्यात लिहितो. सूर्य तापला असता तर स्थितांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होत आहे आणि खालचा थर तापत आहे, आणि कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर हेच अपेक्षित असते.

सोबत मी घरी काढलेला आलेख पाठवत आहे. कच्च्या नोंदींची रेघ निळी आणि दुरुस्त नोंदींची लाल आहे. १९४५ च्या जागी मी पेन्सिलीने खूण केली आहे. तेथे तू कोणती रेघ धरशील आणि का, ते मला कळव.

लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुझा,
जुना मित्र