दादाचं नाव आईला वाचून दाखवणाऱ्या हवालदार ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही आणि तुमच्या ठाण्याचंही नाही. "नाव नका घेऊ हं माझं," असं तुम्ही निघताना म्हणाला होतात, ते पाळते आहे. पण आभार मनातल्या मनात मानून माझं समाधान होईना. आजही कुठल्यातरी ठाण्याच्या पायरीवर एखादी माय आपल्या लेकाचा पत्ता विचारत उभी असेल. खात्यात तुमच्यासारखी माणसं आहेत, हे तिच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हे उघड लिहिते आहे.

आम्ही मराठवाड्यातले. दसरा-दिवाळी उरकली की आमच्याकडची अर्धी घरं कुलपात जातात आणि माणसं उसाच्या फडात. दादा-वहिनीही दरसाल कोयत्यावर जातात. यंदा उचलीवरून, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांवरून, मुकादमाशी वाद झाला, मारामारी झाली, फिर्याद दाखल झाली आणि दादाला पोलिसांनी उचललं. दादाचं किती चुकलं आणि मुकादमाचं किती, ते कोर्ट ठरवेल. त्याबद्दल मला इथे एक शब्दही लिहायचा नाही.

वहिनी लेकरांना घेऊन गावी आली तेव्हा तिला एवढंच सांगता येत होतं की "पांढऱ्या गाडीतून नेलं." फड दोन तालुक्यांच्या शिवेवर, ऊसतोडीची टोळी नुकतीच एका कारखान्याहून दुसऱ्या कारखान्याकडे हललेली. कुठलं ठाणं, कुठलं कोर्ट, काही पत्ता नाही. अटकेचा निरोप पोलिसांनी टोळीतल्या कुणाला तरी दिला होता म्हणे, पण तो आमच्यापर्यंत पोचलाच नाही.

मी आशाचं काम करते. कुणाच्या घरी बाळंतपण झालं, कुणाच्या लेकराचा डोस राहिला, हे रजिस्टरात लिहिणं आणि विचारलं की सांगणं, हे माझं रोजचं काम. म्हणून मला वाटलं, पोलिसांकडेही लिहिलेलं असणारच, जाऊन विचारू. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात गेलो. "आमच्या हद्दीतलं नाही" यापुढे तिथं गाडी सरकली नाही. सगळी ठाणी आता संगणकानं एकमेकांना जोडलेली आहेत, नाव टाकून बघता का, असं मी विचारलं. "साहेब बंदोबस्ताला गेलेत, उद्या या." उद्याचं परवा झालं. आई भिंतीला टेकून उभी होती, समोर बाकडं रिकामं होतं, पण बस म्हणायला कुणाची जीभ रेटली नाही. एका पुढाऱ्याच्या कार्यालयात आमचा अर्ज घेतला, अर्ज देतानाचा फोटोही काढला, पुढे काही नाही. मग एकजण भेटला, तो म्हणाला पाच हजार द्या, आतून माहिती काढतो.

आणि या सगळ्यात दादाचा फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर येऊन पडला! तोंडाला फडकं बांधलेला, दोन्ही बाजूंना पोलीस. खाली "आरोपी जेरबंद", ठाण्याचं नाव नाही. फोटो काढून फिरवणाऱ्याला दादा कुठे आहे ते माहीत होतं, जन्मदात्या आईला माहीत नव्हतं. हे अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

लपवायचं काय असतं यात? 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं डी. के. बसू खटल्यात सांगून ठेवलंय की अटकेची खबर नातलगाला किंवा जवळच्या माणसाला मिळालीच पाहिजे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 37 मध्ये तर स्पष्ट लिहिलंय की अटक केलेल्याचं नाव, पत्ता आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात आणि जिल्हा मुख्यालयात ठळकपणे लावायचं. त्यासाठी जबाबदार अधिकारी नेमायचा, तोही सहायक फौजदाराच्या खालचा नको. एफआयआर चोवीस तासांत, अडचणीच्या भागात फार तर 72 तासांत, संकेतस्थळावर टाकायचा हा आदेश 2016 चा आहे. लैंगिक अत्याचार, दहशतवाद असे नाजूक गुन्हे तेवढे त्यातून वगळलेत. मी मोबाइलवर तेही करून बघितलं. पण तिथं आधी जिल्हा निवडा, मग ठाणं निवडा. आमची अडचण नेमकी तीच होती.

शेवटी त्या पट्ट्यातल्या ठाण्यांचे नंबर काढून मी एकेक लावत सुटले. कुणी उचलला नाही, कुणी उचलून ठेवला. रात्री उशिरा तुम्ही उचललात. माझं सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "नाव सांगा, वडिलांचं नाव सांगा, गाव सांगा. फोन ठेवा, मी लावते." असं म्हणणारे पुन्हा लावत नाहीत, हे एव्हाना शिकले होते. तुम्ही लावलात. "आमच्याकडंच आहे. कोर्टानं पोलीस कोठडी दिलीय. तब्येत ठीक आहे. आईला झोपायला सांगा."

पण हे पत्र मी त्या फोनसाठी लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा तुम्ही जे केलंत त्यासाठी लिहिते आहे.

तुमच्या ठाण्यात दारातून आत गेलं की डाव्या हाताला फळा आहे. निळ्या मार्करनं, त्याच दिवसाची तारीख टाकून लिहिलेला. असा फळा आमच्या तालुक्यालाही आहे, त्यावर गेल्या गणपतीची शांततेची सूचना अजून चिकटलेली आहे. आईला वाचता येत नाही. ती फळ्याकडे नुसती बघत राहिली. तुम्ही टेबलामागून उठून बाहेर आलात, तिच्या शेजारी उभ्या राहिलात आणि तिचा हात धरून तिचं बोट दादाच्या नावाखाली नेऊन ठेवलंत. मग सावकाश वाचलंत. आधी दादाचं नाव, मग आमच्या अण्णांचं, मग आडनाव, राहणार अमुक, तालुका अमुक. "हाच ना तुमचा मुलगा, मावशी?"

ताई, आमचे अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. त्या सगळ्या धावपळीत आमच्या माणसाचा उल्लेख झाला तो "तो आरोपी", "तो तुमचा" असाच. बापाच्या नावासकट, गावासकट त्याचं नाव पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकलं. आई म्हणाली, "व्हय, माझाच हाय." आणि तिथंच खाली बसली. तुम्ही पाण्याची बाटली दिलीत, ती सावरेपर्यंत पाठीवर हात ठेवलात. दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरांकडे तपासायला नेतात, आज सकाळीच नेऊन आणलं, दुपारी जेवला, हेही तुम्ही न विचारता सांगितलंत. आईला कलमं कळणार नव्हती. "जेवला" एवढंच तिला हवं होतं.

निघताना कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात गुन्हा रजिस्टर नंबर, तपासी अंमलदारांचं नाव, कोर्ट, पुढची तारीख लिहून दिलीत. खाली 15100 हा विधी सेवेचा नंबर. कोठडीतल्या माणसाला सरकारकडून वकील फुकट मिळतो, हे आम्हाला कुणी म्हणजे कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही कायदा वाकवला नाही. दादाला सोडवलं नाही, कुणाला फोन केला नाही, तपासातलं अक्षरही बाहेर काढलं नाही. फळ्यावर जे सगळ्या जगासाठी लिहिलेलं होतं तेच वाचून दाखवलंत. एवढ्यासाठी इतके उंबरे का झिजवावे लागले, हा प्रश्न मला झोपू देत नाही. माणसानं माणसाशी नीट बोलायला ना निधी लागतो ना जीआर. गावाकडं परक्याच्या मयतीलाही आपण घोटभर पाणी विचारतो, मग खुर्चीवर बसल्यावर ते कुठे जातं? आमच्या ठाण्यातल्या साहेबांनी हे वाचलं तर वाचू देत. राग आहेच माझा.

दादा आता जामिनावर घरी आहे. केस चालू आहे, तारखांना जातो. वहिनीनं बचतगटातून पैसे उचलून उचलीतले काही फेडले.

गेल्या आठवड्यात मी आमच्या ठाण्यात लेखी अर्ज दिला. अटकेतल्या माणसांची नावं कलम 37 प्रमाणे रोज फळ्यावर लिहावीत, आणि फळा बाईमाणसाच्या नजरेला येईल इतका खाली लावावा. शिक्का मारून पोच घेतली आहे. बीट अंमलदार म्हणाले, बघू. मी दर सोमवारी लसीकरणाच्या कामाला तालुक्याला जातेच, तेव्हा आत डोकावून येईन.

तुम्हाला आणि तुमच्या लेकरांना उदंड आयुष्य लाभो.

आपली,
त्या मावशींची मुलगी