कुणाला मत द्यायचे, हे मी सांगणार नाही

वसई

प्रिय लेकीस अनेक आशीर्वाद.

'पप्पा, आपल्या माणसांनी यंदा कुणाला मत द्यायचे?' हा तुझा प्रश्न वाचून मी ओशाळलो. कारण गेल्या निवडणुकीच्या आदल्या रात्री 'ख्रिस्ती मतदारांनी अमक्यालाच निवडावे' असा एक निनावी संदेश मीच चार जणांना पाठवला होता, आणि त्यातले खरे-खोटे तपासण्याची तसदी घेतली नव्हती.

'आपली माणसे' या शब्दांपाशीच मी अडतो. वसईतल्या वाड्या इमारतींखाली जाऊ लागल्या आणि विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईच्या चळवळीत पुढे होते. पण तो लढा केवळ ख्रिस्ती लोकांचा नव्हता, कारण विहीर आटली की शेजाऱ्याचीही केळी वाळतात. याच फादरांची २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनासाठी अध्यक्ष म्हणून निवड झाली, तेव्हा धर्मगुरू कशाला, असे विचारणारेही निघाले. तुझ्या मैत्रिणी 'तू मराठी कशी?' म्हणतात, त्याने म्हणूनच खट्टू होऊ नकोस. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग सोडला नाही. त्यांची गीते मराठी चर्चमधून आजही गायिली जातात.

राजकारण घाण आहे, असे आपल्याकडे मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, अंगणात हमखास ऐकू येते. (हे म्हणणारेच दाखल्यासाठी नगरसेवकाच्या दारात असतात, ते सोड.) माझगावचे काका बॅप्टिस्टा लोकमान्यांचे सहकारी होते, १९१६ साली स्वराज्य मागणाऱ्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले, कामगार संघटनेत राबले आणि पुढे मुंबईचे महापौर झाले. ते कॅथलिकच राहिले, पण केवळ कॅथलिकांचे पुढारी झाले नाहीत.

'कैसराचे (म्हणजे रोमन सम्राटाचे) कैसराला आणि देवाचे देवाला द्या' हे कराविषयीचे येशूचे वचन लोक राजकारणापासून दूर राहण्यासाठी वापरतात. मला मात्र त्याआधीचा येशूचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो: नाण्यावर प्रतिमा कोणाची? नाण्यावर कैसराची असेल, पण बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायाप्रमाणे माणसावर देवाची आहे. म्हणून कर भरावा, कायदा पाळावा, परंतु एखाद्या पक्षासाठी शेजाऱ्याचा द्वेष करावा, एवढे कैसराचे देणे आपण लागत नाही. आपल्याच धर्माचा उमेदवार असा द्वेष पसरवू लागला, तरी हेच लागू.

उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. त्यांतले गुन्हे आणि मालमत्ता वाच, आणि तुझ्या वॉर्डात पाणी कुणी आणले ते शेजारच्या मावशींना विचार. माझ्या चार जणांना मी काल फोन करून तो संदेश न तपासता पाठवल्याचे सांगितले. एकाने अजून फोन उचललेला नाही.

तुझा,
पप्पा