मिशनची जमीन विकून पगार किती दिवस भागणार?

महोदय,

नगरमध्ये ख्रिस्ती मिशनचे काम १८३१ पासून आहे. इथल्या शाळा, वसतिगृहे, दवाखाने आणि पाळकांचे बंगले बऱ्याच अंशी परदेशातल्या साध्यासुध्या माणसांनी पाठवलेल्या पैशावर उभे राहिले. तो ओघ कधीचाच आटला. आता पगार थकले की कंपाउंडचा एखादा तुकडा बिल्डरला देण्याची भाषा सुरू होते. भूखंड जातो तो कायमचा, आणि पुढच्या वर्षी पगार पुन्हा थकलेलेच असतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदारपदाचे काम पाहते. म्हणून हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, किंवा बिगरशेती जागा अथवा इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाड्याने द्यायची, तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. शेतजमिनीसाठी ही मर्यादा दहा वर्षांची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ३६ हेच सांगते. तरीही हे व्यवहार सभासदांना उशिरा कळतात, पुष्कळदा कुंपण पडल्यावर. माझे म्हणणे असे की प्रस्ताव आयुक्तांकडे जाण्याआधी उपासनेनंतर मंडळीपुढे मराठीत वाचून दाखवावा. किंमत काय, पैसा कुठल्या खात्यात जाणार आणि कशावर खर्च होणार, हे सगळे त्यात असावे. जागा विकून आलेल्या रकमेतून पगार करूच नयेत. ती मुदत ठेवीत राहावी आणि फक्त व्याज वापरावे.

बाहेरच्या मदतीला मुदत असते, हे पंडिता रमाबाईंनी फार आधी ओळखले होते. १८८७ मध्ये बोस्टनला स्थापन झालेल्या असोसिएशनने त्यांच्या शाळेचा भार दहा वर्षे उचलण्याचे ठरवले आणि १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झाले. ही दहा वर्षे संपल्यावर काय, याचा विचार बाईंनी मुदत संपायची वाट न बघता केला. शाळेला स्वतःचे उत्पन्न हवे म्हणून दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, फळझाडे लावली. पुढे त्याच जागेवर मुक्ती मिशन उभे राहिले आणि दुष्काळातल्या शेकडो मुलीबायकांना आसरा मिळाला. जमीन विकायला निघालेल्या प्रत्येक विश्वस्ताने केडगावला एकदा जाऊन यावे.

आपल्या माणसांची ऐपत नाही, ही सबब मला पटत नाही. हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पीक हाती आल्यावर देवाचे आभार मानण्याच्या उपासनेला, आमच्याकडे ज्वारी, भोपळे, अंडी, गावरान कोंबड्या येतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एखादा भाऊ कोंबडी घेतो, पैसे मोजतो आणि तीच कोंबडी पुन्हा लिलावाला देतो. देणारी माणसे आहेत. त्यांना फक्त आपला पैसा कुठे गेला ते कळायला हवे. मिझोरममध्ये बायका स्वयंपाकाला तांदूळ काढताना एक मूठ देवाच्या कामासाठी बाजूला ठेवतात. १९१० च्या सुमारास सुरू झालेली ही रीत अजून चालू आहे आणि त्या तांदळाच्या पैशावर सुवार्तिकांचा, म्हणजे धर्मप्रसारकांचा, खर्च निघतो.

विश्वास बसायचा तर मोजणी उघड हवी. अर्पणाच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या कराव्यात, एकमेकांचे नातलग नसलेल्या दोघांनी रक्कम मोजावी, रजिस्टरवर दोघांनी सही करावी आणि सोमवारी सगळीच्या सगळी रक्कम बँकेत भरावी. किरकोळ खर्चही त्या रोकडीतून परस्पर करू नये. बायबलमध्ये करिंथ गावच्या मंडळीला लिहिताना प्रेषित पौल हीच काळजी घेतो. गरिबांसाठी जमवलेली वर्गणी तो एकट्याच्या हाती देत नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत पाठवतो, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. छपराच्या दुरुस्तीसाठी आलेला पैसा छपरावरच लागावा. पाळकांचा भविष्यनिर्वाह निधी वेळेवर भरला जावा. आयुष्य मंडळीला दिलेल्या माणसाने म्हातारपणी मुलांच्या तोंडाकडे बघावे, ही आपल्यालाच लाज आणणारी गोष्ट आहे.

परदेशी देणग्यांचा कायदाही (एफसीआरए) आता कडक झाला आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी प्रत्येक देणगी आधी स्टेट बँकेच्या दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. एका संस्थेने ती दुसरीला द्यायची नाही आणि प्रशासनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. मोठ्या कार्यालयाकडून हिस्सा मिळेल या आशेवर बसलेल्या लहान संस्थांची वाट इथेच बंद झाली.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक असलेल्या आणि परदेशात स्थायिक झालेल्या गाववाल्यांना एक कळकळीची विनंती. तुम्ही अजून भारतीय नागरिक असाल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पैसे पाठवत असाल, तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. पण तिकडचे नागरिकत्व घेतले असेल, तर तुमचे शंभर डॉलरही परदेशी देणगीच ठरतात, मग भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी. गावच्या चर्चच्या साध्या खात्यात किंवा पाळकांच्या नावावर ते कृपा करून पाठवू नका. आधी संस्थेचा एफसीआरए नोंदणी क्रमांक विचारा, पैसे पाठवल्यावर पावती मागा आणि वर्षअखेरीस तो पैसा कशावर खर्च झाला याचे पत्र मागा. खजिनदाराला याचा राग येऊ नये.

— एक निवृत्त बँक कर्मचारी, अहिल्यानगर