वैजूस, उशिरा लिहिलेलं

प्रिय वैजू,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही; बारशालाही आले नाही. रागावली असशील, रागाव. पण आज जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

मेसमधला तो वाद आठवतो? पिठलं गार झालं तरी तू हटून बसली होतीस, "तुझं कॉम्प्लेक्स त्या व्होल्टेजला टिकणार नाही." तीन दिवस बोलले नव्हते मी. वैजू, कार्बन डायऑक्साइडपासून विजेच्या जोरावर उपयोगी पदार्थ बनवायला घेतलेलं माझं ते तांब्याचं कॉम्प्लेक्स टिकलं नाही गं.

जीसीवर, म्हणजे वायू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, इथिलिन या दोन कार्बनच्या वायूचं पीक दिसू लागलं तेव्हापासूनच धाकधूक होती. माझ्या रेणूत तांब्याचा अणू एकच. मग दोन कार्बन जोडतं कोण? ते काम धातूच्या तांब्याचं, जपानी रसायनतज्ज्ञ होरींनी १९८०च्या दशकातच दाखवलेलं. सर म्हणायचे, लिगँडची, म्हणजे तांब्याला धरून ठेवणाऱ्या रेणूची, किमया. मलाही तेच खरं असावंसं वाटत होतं. शेवटी काल रात्री इलेक्ट्रोड काढला, नीट धुतला, आणि कॉम्प्लेक्स न घातलेल्या बायकार्बोनेटच्या ताज्या द्रावणात बुडवून व्होल्टेज दिलं. करंट जवळपास तेवढाच! इथिलिनही तसंच. इलेक्ट्रोडच्या ग्लासी कार्बनवर लालसर थर चढलेला, म्हणजे काम करत होतं ते हे सुटं तांबं.

कारण कळतं. कॉपर टू (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबं) चौकोनी मांडणीत खूश, एकच गमावलेल्या कॉपर वनला चतुष्फलक हवा. त्यात उणे एक व्होल्टपाशी इलेक्ट्रॉन ओतत राहिलं की लिगँडची पकड सुटते आणि तांबं कार्बनवर जाऊन बसतं. कॉपर थॅलोसायनिन या तांब्याच्या दुसऱ्या कॉम्प्लेक्सचंही तसंच. २०१८च्या त्या कामात त्याचे सुमारे २ नॅनोमीटरचे धातूचे पुंजके झाले आणि ६६ टक्के करंट मिथेनमध्ये गेला. पण व्होल्टेज काढलं की ते पुन्हा थॅलोसायनिन व्हायचं! माझा थर रात्रभर ठेवला, तरी जिथल्या तिथे.

शोधनिबंधाच्या मसुद्याच्या शीर्षकातच 'मॉलिक्युलर कॅटॅलिस्ट' आहे, म्हणजे रेणूच काम करतो असा दावा. चार वर्षांचं काम, आणि सर सोमवारी पाठवणार. माझ्या फीसाठी त्यांनी कुणाकुणापुढे शब्द टाकलेत, तुला माहीत आहे. पण गप्प राहिले तर पुढची कुणी मुलगी हाच लिगँड बनवत दोन वर्षं घालवेल. सांगणार आहे. पहिलं वाक्य काय बोलू, तेवढंच सुचत नाही.

आईचा गुडघा तसाच. मी बरी आहे. पिल्लाला दात आले का? नवी नोकरी जमतेय ना? फोटो पाठव.

इलेक्ट्रोड पुसलेला नाही, एक्सपीएससाठी, म्हणजे पृष्ठभागावर काय आहे ते सांगणाऱ्या तपासणीसाठी, डबीत ठेवलाय. उद्या दहाला सरांकडे जाते. त्याआधी फोन कर, कितीही पहाटे.

तुझी,
मंजू