पुराचे खापर हवामान बदलावर फोडण्याआधी आकडे द्या

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : हवामान बदलासंबंधी शासनाच्या विधानांमागची मोजमापे जनतेपुढे ठेवण्याबाबत

सन्माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

पुण्यात हवामान बदलाविषयी गंभीरपणे बोलणे अलीकडे अवघड होऊन बसले आहे. तळजाईच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींत हा विषय निघाला, की कोणीतरी ‘हे सगळे सरकारी थोतांड आहे’ असे म्हणतो आणि बाकीचे दुजोरा देतात. ही माणसे अडाणी नाहीत. कोणी अभियंता होता, कोणी बँकेत, कोणी प्रयोगशाळेत उभी हयात घालवली आहे. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालण्याचे काम बहुधा माझ्याकडे येते. आणि वाद घालताना जाणवते ते असे, की वातावरणशास्त्राविषयी त्यांची फारशी तक्रारच नाही, ते शास्त्र ज्यांच्या तोंडून त्यांच्यापर्यंत पोहोचते त्यांच्यावर त्यांचा काडीचाही विश्वास उरलेला नाही. त्यांत आपला विभागही येतो, म्हणून हे पत्र आपल्याला, आणि उघडपणे.

माझी भूमिका आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. पृथ्वी तापते आहे आणि त्याला मुख्यतः माणसाने जाळलेला कोळसा, तेल व वायू कारणीभूत आहेत, याविषयी मला शंका नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयासाठी तयार केलेला अहवाल 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. 1901 ते 2018 या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे 0.7 अंश सेल्सिअसने वाढले आणि 1951 ते 2015 या काळात मोसमी पाऊस सुमारे 6 टक्क्यांनी घटला, असे त्यात नमूद आहे. त्याच संस्थेतील संशोधकांनी 2017 मध्ये मांडलेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात मोठ्या क्षेत्रावर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना 1950 पासून तिपटीने वाढल्या आहेत. हवामान खात्याचे कार्यालय 1928 मध्ये सिमल्याहून ज्या शहरात आले, आणि ज्या शहरात त्याला अजूनही सिमला ऑफिसच म्हणतात, तिथे हे आकडे परके वाटायला नकोत. तरी ते वाटतात.

टेकडीवरचा आवडता प्रतिवाद 1897 सालचा आहे. त्या वर्षी एप्रिलअखेर पुण्याचा पारा 43.3 अंशांवर गेल्याची नोंद आहे, आणि 2019 च्या एप्रिलमधील अतितीव्र उन्हाळ्यातही तो 43 च्याच घरात राहिला. मग सव्वाशे वर्षांत वाढले काय, असा प्रश्न विचारला जातो. याचे उत्तर अवघड नाही. उच्चांक ही एका दुपारची गोष्ट असते. तापमानवाढ दिसते ती दीर्घकाळाच्या सरासरीत, उष्ण दिवसांच्या संख्येत आणि न निवणाऱ्या रात्रींत. पण लोकांना उच्चांकाकडेच पाहायला शिकवले कोणी? प्रत्येक उन्हाळ्यात ‘आजवरचे सर्वाधिक’, ‘शतकातील विक्रमी’ असे मथळे छापणाऱ्या वृत्तपत्रांनी आणि वाहिन्यांनी, आणि त्या मथळ्यांना पुस्ती जोडणाऱ्या पुढाऱ्यांनी. ज्या मापाने तुम्ही मोजता त्याच मापाने वाचक तुम्हाला उलटे मोजतो, यात त्याचा दोष नाही. शिवाय पुण्याच्या रात्री उबदार होण्यातला काही वाटा शहरातल्या काँक्रीटचा, डांबराचा आणि तुटलेल्या झाडांचा आहे. तो जागतिक तापमानवाढीत बेमालूम मिसळून टाकला, की नगररचनेला जाब विचारायचे कारणच उरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो पुराचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री कात्रजच्या डोंगरउतारावरून आलेल्या पाण्याने आंबिल ओढा फुगला आणि अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, सहकारनगर या भागांत हाहाकार उडाला. शहर आणि परिसरात मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. अशा प्रत्येक घटनेनंतर दोन शब्दप्रयोग ठरलेले असतात, ‘ढगफुटीसदृश पाऊस’ आणि ‘हवामान बदलाचा परिणाम’. ढगफुटीला हवामान खात्याचा निकष आहे : साधारण 20 ते 30 चौरस किलोमीटर क्षेत्रात एका तासात 100 मिलिमीटर किंवा अधिक पाऊस. या निकषात पाऊस एकतर बसतो किंवा बसत नाही, परंतु ‘सदृश’ला कोणताही निकष नाही. त्यामुळे ते विधान कधी खोटे ठरत नाही, आणि जे विधान खोटे ठरण्याची सोयच नाही त्यावर विश्वास ठेवायला विद्यार्थ्यांना मी तरी कधी शिकवले नाही.

आपण क्षणभर आकड्यांत बोलू. हवा एका अंशाने तापली तर तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. अल्पकाळाच्या जोरदार सरी काही ठिकाणी याहूनही वेगाने वाढू शकतात, हे मान्य करून पुढे जाऊ. दुसरीकडे, पाणी वाहून जाण्याचे प्रमाण काढताना अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकांत बागेसारख्या मोकळ्या जमिनीचा अपधाव गुणांक (पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा हिस्सा) साधारण 0.1 ते 0.3 धरतात आणि काँक्रीटचा 0.9 च्या आसपास. म्हणजे टेकडीच्या उतारावरची जमीन फोडून तिथे इमारती, रस्ते आणि फरसबंद वाहनतळ केले, तर पाऊस एका थेंबानेही न वाढता त्या जागेवरून ओढ्याकडे धावणारे पाणी तिप्पट किंवा त्याहून अधिक होते. त्यात ओढ्याच्या पात्रात भराव टाकला, काठाने सीमाभिंती उभारल्या, पुलाखालच्या मोऱ्या अरुंद ठेवल्या, तर काय होणार हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. (आंबिल ओढा पेशवाईतही वळवला होता, असे आमचे इतिहासप्रेमी लगेच सांगतील. वळवला होता, पण त्याचे पाणी तळ्यात घेतले होते.) एका पारड्यात जगाने मिळून वाढवलेले काही टक्के आहेत आणि दुसऱ्या पारड्यात मंजूर नकाशांनी वाढवलेली तिप्पट. शासनाच्या निवेदनात मात्र पहिलेच पारडे दिसते. एका शासकीय कार्यालयाकडे मी माहितीच्या अधिकारात ओढ्याच्या पाणलोटातील ताशी पाऊस मागितला, तेव्हा ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असे उत्तर आले. मग पाऊस कशासदृश होता हे कशावरून ठरवले, हा प्रश्न मी अपिलात विचारला आहे.

25 जुलै 2024 चा पूर तर आणखी बोलका आहे. घाटमाथ्यावर पाऊस जोरदार होता, याविषयी वाद नाही. खडकवासल्यातून मुठेत सुमारे 35 हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरले. वेळेवर सूचना मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. धरणाचे दरवाजे माणसे उघडतात, वेळापत्रक माणसे ठरवतात आणि भोंगाही माणसेच वाजवतात किंवा वाजवत नाहीत. एवढे साधे सत्य निवेदनात आले असते, तर त्यानंतरचे हवामान बदलावरचे वाक्य लोकांनी कदाचित ऐकून घेतले असते.

याच ठिकाणी माझा खरा प्रश्न आहे, आणि तो संख्याशास्त्राचा आहे. नदीकाठची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. 25 वर्षांतून एकदा याचा अर्थ दर वर्षी 4 टक्के शक्यता. त्या पातळीवर घर घेऊन 20 वर्षांचे कर्ज फेडणाऱ्या माणसाला कर्ज फिटेपर्यंत किमान एकदा पुराला तोंड द्यावे लागण्याची शक्यता सुमारे 56 टक्के होते, आणि लाल रेषेवरच्या माणसासाठीही ती 18 टक्क्यांच्या आसपास असते. बांधकाम व्यावसायिकांच्या माहितीपत्रकात हे आकडे छापत नाहीत, ते असो. पण हा सगळा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे : मागच्या काळात पाऊस जसा पडला तसाच पुढेही पडेल. हवामान खरोखर बदलले असेल, आणि आपला विभाग तसे प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो, तर ते गृहीतक मोडले. मग पूररेषा वर सरकायला हव्यात, पावसाळी गटारांचे व्यास वाढायला हवेत, धरणांच्या परिचालनाचे तक्ते नव्याने आखले जायला हवेत आणि मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठावर आखलेल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा अभिकल्प पूर (ज्या पुराला तोंड देईल अशी त्याची आखणी केली आहे तो पूर) कोणत्या पावसावर बेतला आहे, हे नागरिकांना सांगितले जायला हवे. पूर आल्यावर हवामान बदल आठवतो. बांधकामाची परवानगी देताना, नदीत भराव घालताना, टेकडी फोडून रस्ता आखताना तो कोणाला आठवत नाही. टेकडीवरची मंडळी हवामान बदलावर विश्वास ठेवत नाहीत असे आपण म्हणता. मला तर शासनाच्या आराखड्यांकडे पाहून शासनाचाच त्यावर विश्वास आहे का, असा संशय येतो.

संशयाला घाबरण्याचे कारण नाही, हे आपल्याच देशाच्या अनुभवावरून सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या (आयपीसीसी) 2007 च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या 2035 पर्यंत नाहीशा होण्याची दाट शक्यता आहे, असे विधान होते. 2009 मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या मंत्रालयाने ज्येष्ठ भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा चर्चालेख प्रसिद्ध करून त्याला आव्हान दिले. समितीच्या अध्यक्षांनी प्रथम त्याची संभावना ‘जादूटोण्याचे विज्ञान’ अशी केली. परंतु जानेवारी 2010 मध्ये समितीने विधानाला पुरेसा आधार नसल्याचे मान्य करून खेद व्यक्त केला. हिमनद्या आक्रसत आहेत हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे; चुकले होते ते साल. तो आकडा छापलेला होता, म्हणूनच तपासता आला आणि दुरुस्तही झाला. टेकडीवरचे मित्र या प्रकरणाचा पहिला अर्धा भाग चवीने सांगतात आणि दुसरा गाळतात, हे मी त्यांच्या तोंडावरही म्हणतो.

शासनाचा अनुभव मात्र याच्या उलट आहे. पश्चिम घाटावरील तज्ज्ञ समितीने माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली 2011 च्या ऑगस्टमध्ये अहवाल सादर केला. केंद्राने तो दडवून ठेवला, आणि माहिती आयोगाचा आदेश व दिल्ली उच्च न्यायालयाचा निर्णय झाल्यावर 2012 च्या मे महिन्यात तो लोकांना वाचायला मिळाला. पुढे दुसरी समिती आली, संवेदनशील क्षेत्र कमी झाले, आणि 2014 पासून ते क्षेत्र जाहीर करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचे मसुद्यामागून मसुदे निघत राहिले. आपल्या पुणे जिल्ह्यातील माळीण 30 जुलै 2014 रोजी डोंगराखाली गाडले गेले, दीडशेच्या आसपास माणसांसह. बरोबर दहा वर्षांनी, 30 जुलै 2024 रोजी, केरळातील वायनाडमध्ये दरड कोसळली आणि दुसऱ्याच दिवशी सहावा मसुदा प्रसिद्ध झाला. याला योगायोग म्हणण्याइतका भोळेपणा माझ्यातही नाही. वनक्षेत्राच्या आकड्यांचेही तेच. एक हेक्टरहून मोठ्या जागेवर झाडांचे छत 10 टक्क्यांहून अधिक असले, की मालकी कोणाचीही असो, राष्ट्रीय अहवालात ते वनाच्छादन धरतात, मग ती आंब्याची बाग का असेना. राज्यात 2019 च्या पावसाळ्यासाठी 33 कोटी रोपांचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. त्यांतली आज किती उभी आहेत हे ठिकाणवार छापले, तर निदान त्या विषयावरचे विनोद थांबतील.

म्हणून आपल्याकडे मागणी मोठी नाही. हवामान बदल हे एखाद्या आपत्तीचे कारण म्हणून शासनाच्या निवेदनात यायचे असेल, तर त्या पाणलोटातील प्रत्येक पर्जन्यमापकाची ताशी नोंद, धरणातून सोडलेल्या पाण्याची वेळ व प्रमाण, आणि विकास आराखड्यातील ओढ्याची रुंदी व प्रत्यक्ष रुंदी, एवढा तक्ता 15 दिवसांच्या आत मराठीत प्रसिद्ध करण्याचा नियम आपल्या विभागाने करावा. माहिती जलसंपदा, हवामान खाते आणि महापालिका यांच्यात विखुरलेली आहे, हे मला ठाऊक आहे. ती गोळा करणे हे मंत्र्यांचे काम आहे, नागरिकांचे नाही. त्याबरोबर मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या पूररेषा कोणत्या वर्षांपर्यंतच्या पावसावर बेतल्या आहेत आणि पुढील वाढीसाठी त्यांत किती टक्के भर धरली आहे, याचे निवेदन येत्या अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावे. भर शून्य असेल तर तसेही लिहावे.

कळावे,
आपला विश्वासू,
संख्याशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक
सहकारनगर, पुणे