मिनूची बॅग

पाचगणी

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुला पत्र नाही. तुझे दोन फोन आले, तेही मी उचलले नाहीत. रागावला असशील तर रागाव, पण हे शेवटपर्यंत वाच. तब्येत बरी आहे. खुब्याचं हाड जुळलं, काठी घेऊन बाजारापर्यंत जातो. साखर आहे तेवढीच.

मिनू जात नाही. झांबियातल्या त्या शाळेला तिने परवा नकार कळवला, आणि तो माझ्यामुळे.

‘जाऊ नकोस’ असं मी एकदाही म्हटलं नाही रे. पण काठी हाताशी असताना रात्री तिला हाका मारल्या. जेवताना उगाच सुमनची आठवण काढली. पोरगी काय समजायचं ते समजली. काल थंडी वाजली म्हणून गोधडी काढायला कॉटखाली वाकलो, तर तिची ती नवी निळी बॅग. ओढून उघडली. आत सुमनच्या हातच्या गोधड्या, नीट घड्या घालून ठेवलेल्या, मधेमधे डांबरगोळ्या. चार महिने पैसे साठवून घेतलेली बॅग! मी तिथेच फरशीवर बसून राहिलो.

हे दुसऱ्या कुणाला सांगू? नववीतलं आपलं भांडण फक्त तुलाच ठाऊक. आपल्या शाळेतल्या खानमबाई मार्था रूटची गोष्ट रंगवून सांगत होत्या आणि तू मधेच उठून विचारलंस, ‘आणि तिचा म्हातारा बाप? त्याला कुणी बघितलं?’ वर्ग हसला. माझं डोकं फिरलं आणि मी तुझी कंपासपेटी खिडकीतून दरीत भिरकावली. आठवडाभर अबोला. त्या आठवड्यातही माझ्या डब्यातली थालीपिठं तू संपवलीस, हे मी विसरलेलो नाही.

तर सुध्या, महिनाभर मी तिचंच वाचतोय. मार्था पिट्सबर्गची पत्रकार, 1909 मध्ये बहाई धर्मात आली. त्या धर्माचे तेव्हाचे प्रमुख अब्दुल-बहा यांनी अमेरिकेतल्या बहाईंना लिहिलं होतं, जगभर जा, हा संदेश पोचवा. 1919 च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या अधिवेशनात ती पत्रं वाचली गेली आणि जुलैत ही बाई एकटी ब्राझीलच्या बोटीत! पुढे खेचरावर बसून अँडीज ओलांडून चिलीत उतरली. एवढं खानमनी सांगितलं होतं. पुढचं आपल्याला कुणी सांगितलंच नाही. ती घरी परतली आणि वडिलांपाशी राहिली. 1922 च्या नोव्हेंबरात ते गेले, तोवर त्यांचं सगळं तिनेच केलं. पुन्हा मोठ्या प्रवासाला निघाली तेव्हा पन्नाशी उलटली होती.

म्हणजे बापाला बघितलं होतं रे तिने. तुझा प्रश्न चुकीचा होता. पण माझाही राग चुकीचाच, कारण प्रश्न विचारण्यासारखा होता.

तिच्या हातात उरली सोळा-सतरा वर्षं. तेवढ्यात चीन, जपान, युरोप, इराण, आपला हिंदुस्थान. 1926 च्या जानेवारीत बुखारेस्टला रुमानियाची राणी मेरी हिला भेटली. त्याआधी एस्लमाँट डॉक्टरांचं बहाई धर्मावरचं पुस्तक राजवाड्यात पाठवलं होतं, ते राणी पहाटे तीनपर्यंत वाचत बसली होती. राणीने तिला हिऱ्याची पिन भेट दिली, तर हिने ती शिकागोजवळच्या विल्मेटच्या बहाई मंदिरासाठी देऊन टाकली. छातीचा कर्करोग अंगात घेऊन फिरत होती. 28 सप्टेंबर 1939 ला होनोलुलूत वारली, वय 67. माझ्याच वयाची.

रात्री मला मार्थापेक्षा तिचा बापच जास्त दिसतो. आणि भीती खरी आहे, सुध्या. मार्थासारखीच बहाई संदेश घेऊन फिरणारी, आपल्या मुंबईत येऊन गेलेली लुआ गेट्सिंगर 1916 मध्ये कैरोत वारली. तशीच कीथ रॅन्सम-केहलर. ती इराणात बहाईंच्या पुस्तकांवरची बंदी उठावी म्हणून सरकारदरबारी अर्ज करत राहिली आणि 1933 मध्ये इस्फहानला देवीने गेली. लहानपणी ही नावं ऐकून अंगावर काटा यायचा, अभिमानाने. आता त्याच नावांनी झोप उडते. मिनूला हे बोलून दाखवलं, तर हसून म्हणाली, ‘हाइड डन हाच संदेश घेऊन बायकोसोबत ऑस्ट्रेलियाला गेला तेव्हा पासष्टीचा होता. बाबा, तुम्हीपण चला की!’ हसली, आणि उठून माझ्या आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायला लागली. सोमवार, मंगळवार, एकेक खण.

मार्थाला वडील गेल्यावर तरी वर्षं मिळाली. माझ्यासाठी मिनूने पन्नाशीची वाट बघायची? हे मला सहन होत नाही.

शाळेची बाई म्हणते, जागा महिनाअखेरपर्यंत ठेवते. हे मिनूला ठाऊक नाही, मी तिच्या नकळत फोन केला होता. मी सांगायला गेलो तर ती म्हणेल, बाबा मन मारून बोलतायत. तुझं ती ऐकते. तू येऊन बोल. खालच्या खोलीत भाडेकरू पोरगा ठेवतोय, रात्रीचा आधार होईल, हेही सांग.

निखिल कॅनडाला गेला त्या रात्री विमानतळावरून घरी आल्यावर तू काय केलंस, ते मी कधी विचारलंच नाही. ये, सगळं सांग. वहिनींचं मोतीबिंदूचं झालं का? घराच्या गळतीचं काय झालं? सविस्तर बोलू.

शुक्रवारची सकाळची गाडी घे. गोधड्या मी बॅगेतून काढून ठेवल्या आहेत, एक तुझ्यासाठी.

तुझा,
अरविंद