नरक्याची रोपं वाटताय, पण बी कुठल्या झाडाचं?

संपादक महोदय, नमस्कार.

सह्याद्रीत वाढणाऱ्या नरक्या या औषधी झाडाच्या चोरट्या तोडीची बातमी आली की दोन दिवस आरडाओरडा होतो आणि मग कुणीतरी सांगतंच, लागवड करा म्हणजे प्रश्न सुटला. लागवड झालीच पाहिजे हो, पण रोप कुठल्या झाडाच्या बियांचं आहे हे कुणी विचारतच नाही आणि खरी गोम तिथंच आहे.

नको असा वास येतो म्हणून नाव नरक्या. पण याच्या लाकडात नि मुळात कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य असतं, त्यापासून टोपोटेकन, इरिनोटेकन ही कॅन्सरची औषधं बनतात. १९६६ मध्ये अमेरिकेत मन्रो वॉल आणि आपल्या नंदुरबारचे मनसुख वाणी या शास्त्रज्ञांनी हे द्रव्य एका चिनी झाडातून वेगळं काढलं, १९७२ मध्ये ते नरक्यातही सापडलं.

आपल्याकडे सरसकट समज आहे की रानातलं ते जोरदार आणि शेतातलं ते पाणचट. इतकं सोपं नाहीये ते. रानातसुद्धा एका झाडात भरपूर आणि दुसऱ्यात नावापुरतं असं असतं, झाडाचं वय, जागा, ऋतू, कुठला भाग घेतला यावर सगळं ठरतं. खोडापेक्षा मुळात सहसा जास्त, म्हणून तोडणारे बुंधा उकरून मुळासकट नेतात, मग फुटवा येणार कुठून? शेतात खतपाण्यावर झाड झटपट वाढेल, वजनही भरेल, पण आतलं द्रव्य त्याच हिशेबात वाढेल याची खात्री नाही. आणि दुसऱ्या बाजूनं मलेरियाच्या औषधासाठी लावतात त्या आर्टेमिसियाचं बघा, निवडक वाण लावले तर रानटी झाडांपेक्षा जास्त आर्टेमिसिनिन, म्हणजे त्यातलं औषधी द्रव्य, मिळतं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की कोयना, महाबळेश्वर, आंबोलीकडं जी जुनी झाडं उरलीत त्यांची आधी लॅबमध्ये एचपीएलसी टेस्ट (द्रव्याचं प्रमाण मोजणारी) करा, चांगली निघतील त्यांना मातृवृक्ष म्हणून जपा आणि बी फक्त त्यांचंच धरा. रोपासोबत शेतकऱ्याला तो टेस्टचा आकडा लेखी द्या. खरेदीही नुसत्या वजनावर नको, द्रव्याच्या प्रमाणावर भाव ठरू दे. नाहीतर शेतकरी वर्षानुवर्षं झाड सांभाळणार, व्यापारी माल हलका म्हणून परत पाठवणार आणि पुन्हा कोयता जंगलातच चालणार.

वनखात्यानं आजवर वाटलेली रोपं टेस्ट केलेल्या झाडांची होती का, हे आपल्या पेपरनं त्यांना जरूर विचारावं.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)